श्रीमंती-गरिबीतलं अंतर फोटोत कसं दाखवावं: सोलापूरच्या गल्ल्यांतून

या विषयावर फोटो काढायला निघालेला प्रत्येक जण पहिला फोटो तोच काढतो. चकचकीत गाडीची काच आणि तिच्याशेजारी हात पसरलेलं मूल. मीही काढला, सोलापूरच्या सात रस्ता चौकात. फोकस उत्तम होता. घरी येऊन पाहिला तर त्यात सोलापूर कुठंच नव्हतं. तो नागपूरचा असता, इंदूरचा असता, तरी काही फरक पडला नसता. शिवाय त्या पोराचं नावही मी विचारलं नव्हतं.

त्यानंतर जे शिकलो ते इथं क्रमानं मांडतो. मोबाइल असला तरी चालेल. महाग कॅमेऱ्यानं या विषयात अडचणच जास्त होते.

पहिलं काम: माणूस नको, एक वस्तू निवडा

'गरीब माणूस' शोधायला निघालात की फाटके कपडे आणि सुरकुत्या एवढंच दिसायला लागतं. त्यापेक्षा दोन्हीकडच्या घरात असणारी एकच वस्तू धरा आणि तिच्या मागे मागे जा. अंतर आपोआप दिसतं.

सोलापुरात अशी वस्तू शोधायला लांब जावं लागत नाही. टॉवेल घ्या. इथले जाड टर्किश टॉवेल परदेशात जातात. ज्या मागावर तो टॉवेल विणला जातो, त्या मागावरच्या कामगाराच्या खांद्यावर मात्र घाम पुसायला धुऊन धुऊन विरलेला पंचा असतो. एका फोटोत घडी घालून रचलेली पांढरीशुभ्र चळत, दुसऱ्यात तो पंचा. चेहरा दाखवायचीही गरज नाही.

चादरीचंही तसंच. २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर नव्या पेठेतल्या दुकानाच्या काचेत असते आणि स्टेशनच्या फलाटावर झोपलेल्या माणसाच्या अंगावरही असते.

पण माझी निवड पाण्याची. उजनी धरण भरलेलं असताना चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी, हे आम्ही वर्षानुवर्षं सोसलंय. त्यामुळे या गावात ऐपत साठवणुकीवरून कळते. बंगल्याच्या आवारात जमिनीखाली हौद, गच्चीवर दोन-तीन काळ्या टाक्या, मोटर. पाणी कधी आलं आणि कधी गेलं हे घरातल्या माणसाला कळतसुद्धा नाही. गल्लीत मात्र दारासमोर निळी टिपाडं, घागरी, कळशा, तेलाचे रिकामे डबे, आणि पाण्याच्या दिवशी घरातल्या एका माणसाचा कामावर खाडा. पाण्याच्या दिवशी गल्लीत उभे राहा आणि पाणी नसलेल्या दिवशी त्याच जागी परत या. एकाच चौकटीत काढलेले हे दोन फोटो शेजारी ठेवले की पुढचं फार बोलावं लागत नाही.

दुसरं: कॅमेरा घरी ठेवून चार फेऱ्या मारा

शहर समजल्याशिवाय हे अंतर दिसत नाही. सोलापूर गिरण्यांचं गाव. १८७७ साली सुरू झालेली गिरणी, जिला आम्ही आजही जुनी मिल म्हणतो, मोरारजी गोकुळदासांनी काढली. मुरारजी पेठ हे नाव त्यांच्यावरूनच आलं. गिरण्या बंद पडल्या, माग उरले. आज शहरात महापालिकेची इंद्रभुवन ही इमारत सगळ्यांत देखणी समजली जाते. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ती वास्तू एके काळी खासगी वाडा होती. श्रीमंती दाखवायला इंद्रभुवनचा फोटो सगळेच काढतात. मी म्हणेन, तिथं कर भरायच्या खिडकीसमोरची रांग काढा. वाडा तोच, आता आत कोण येतंय ते बघा.

फेऱ्या मारायच्या त्या अशा: होटगी रोड आणि जुळे सोलापूरचे बंगले, अशोक चौक आणि साखर पेठेकडच्या गल्ल्या, अक्कलकोट रोडची एमआयडीसी, आणि शहराबाहेर कुंभारी. कुंभारीला रे नगर आहे. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले अशांसाठी ३०,००० घरांची ही वसाहत. त्यातली पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. सारख्या इमारतींच्या त्या रांगा सकाळच्या तिरप्या उन्हात फार छान दिसतात, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथून कामाला शहरात यायला माणसाला किती वेळ लागतो, तो प्रवास काढा.

सेटलमेंटचा भाग वेगळा सांगायला हवा. इंग्रजांनी काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांची हजेरी घेतली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. आजी-आजोबांची हजेरी लागलेल्या वस्तीत तुम्ही कॅमेरा घेऊन माणसं 'टिपायला' गेलात, तर कुणी तुमच्याकडे संशयानं पाहिलं म्हणून रागावू नका. तिथं ओळखीशिवाय जाऊच नये असं माझं मत आहे.

तिसरं: सोलापूरची श्रीमंती उंच नाही, हे ध्यानात ठेवा

२००४ साली टुका व्हिएरा या छायाचित्रकारानं साओ पाउलोत काढलेला एक फोटो जगभर गाजला. भिंतीच्या एका बाजूला पॅराइसोपोलिस झोपडपट्टी आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक गॅलरीत पोहण्याचा तलाव असलेली इमारत. तो पाहून आपल्याकडेही तशीच भिंत शोधायचा मोह होतो. सोलापुरात ती सहसा सापडत नाही.

इथं गोष्ट गुंतागुंतीची आहे. कित्येक कारखान्यांत मालकाचं घर वर आणि माग खाली. मालक आणि कामगार दोघांचेही पणजोबा तेलंगणातून आलेले, दोघंही घरात तेलुगूच बोलणार, सणही तेच. मालकानंही तरुणपणी स्वतः माग चालवलेला असतो. अशा ठिकाणी अंतर बारीक गोष्टींत असतं: कोण खुर्चीवर आणि कोण पेटीवर बसतं, चहा कुणाला कपात येतो आणि कुणाला काचेच्या ग्लासात, बोलताना कुणाला आवाज चढवावा लागतो. मागाची खटखट जिन्यावरून वरच्या दिवाणखान्यात किती पोचते? आवाज फोटोत येत नाही, पण बंद केलेलं दार येतं.

भिंत मिळत नाही म्हणून लांबची लेन्स लावून ती तयार करू नका. दोनशे मिलिमीटरच्या लेन्सनं, किंवा मोबाइलचा झूम ताणून, अर्धा किलोमीटर लांबचा टॉवर झोपडीच्या डोक्यावर आणून बसवता येतो. फोटो झकास दिसतो आणि खोटा असतो. अठ्ठावीस किंवा पस्तीसच्या आसपास, म्हणजे मोबाइलच्या साध्या लेन्सवर राहा आणि पायानं जवळ जा.

त्याऐवजी जोडचित्र करा. दोन जागा, दोन फोटो, बाकी सगळं समान: लेन्स तीच, कॅमेऱ्याची उंची तीच, अंतर तेच, जमल्यास वेळही तीच. स्वयंपाकघर-स्वयंपाकघर. गच्ची-पत्रा. शाळेला निघालेलं दप्तर आणि शाळेला निघालेलं दप्तर. बंगला खालून वर पाहत भव्य आणि झोपडी वरून खाली पाहत केविलवाणी, असं केलंत तर अंतर त्यांच्यातलं राहत नाही, तुमच्या मानेचं होतं. खाली बसलेल्या माणसाचा फोटो खाली बसून काढा.

चौथं: उजेड

इथल्या उन्हाबद्दल वेगळं काय सांगावं? एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातो आणि दुपारी बारा ते चार या वेळात फोटोग्राफीची पुस्तकं घरी बसायला सांगतात. मी उलट सांगतो. या विषयासाठी तीच वेळ महत्त्वाची, कारण मे महिन्यात सावली ही मालमत्ता असते. एका भिंतीवर ओळीनं लावलेली एसीची यंत्रं, आणि त्याच भिंतीच्या हातभर सावलीत अंग चोरून जेवायला बसलेले हमाल. उजेडाचा भाग पांढरा फटक पडू नये म्हणून एक्स्पोजर एक पायरी कमी ठेवा. सावली काळी झाली तर होऊ द्या. पाणी मात्र स्वतःसाठी बाटलीभर जास्त न्या.

मागाच्या शेडमध्ये प्रश्न उलटा. वर पत्रा, आत अंधार, ट्यूबलाइट. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि शटर फार वेगवान ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येतात. शटर सेकंदाच्या एक शतांश किंवा एक पन्नासांशावर ठेवलं की पट्टे जातात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता, सोळाशे-बत्तीसशेपर्यंत न्या, दाणे आले तरी बिघडत नाही. एक पन्नासांशाला माणूस स्थिर आणि धोटा (आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा तुकडा) धूसर येतो, ते मला आवडतं. शेडमध्ये लेन्स कधीही बदलू नका. सुताचं तूस हवेत सतत तरंगत असतं. माझ्या सेन्सरवर बसलं ते साफ करायला पुण्याला पाठवावं लागलं. आणि तेच तूस तिथला माणूस पाळीभर छातीत भरून घेतो, हे लक्षात आलं की उन्हाच्या तिरिपीत तरंगणाऱ्या तुसाचा फोटो नुसता सुंदर वाटत नाही.

पाचवं: विचारा

हे पाचव्या क्रमांकावर लिहिलंय, पण प्रत्यक्षात प्रत्येक पायरीच्या आधी करायचं आहे. आधी बसा, बोला, चहा घ्या, मग कॅमेरा काढा. कशासाठी काढताय ते स्पष्ट सांगा, आणि 'गरिबीवर' हा शब्द तोंडातून निघत नसेल तर का निघत नाही ते स्वतःला विचारा. मुलांचा फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नाही. नकार आला तर 'बरं' म्हणून निघायचं. लांबून चोरून काढायचा नाही.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं मटारच्या शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. अमेरिकेतल्या महामंदीच्या काळाचा तो चेहराच झाला. लँगनी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं १९७८ साली, आणि तोवर त्या बाईंना त्या फोटोचा रागच होता. फोटो त्यांचा, पैसा एक आला नाही.

माझंही थोड्या फरकानं तेच झालं. अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत एक मावशी दारात विड्या वळत बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं यंत्रासारखी. विचारून काढला, त्या हसल्याही. पुढं एका छोट्या प्रदर्शनात तो लावला आणि खाली लिहिलं: 'दारिद्र्य'. त्यांची मुलगी नर्सिंगला होती, ती मैत्रिणींबरोबर ते प्रदर्शन बघायला आली. मला शोधून म्हणाली, "मामा, हे काय लिवलंय? घर आमचं स्वतःचं हाय. आईनं विड्या वळून हप्ते फेडलेत त्याचे. माझी फी पण त्यातनंच भरली की."

फोटो मी लगेच उतरवला. चूक फोटोत नव्हती, त्या एका शब्दात होती.

सहावं: फोटोखाली काय लिहावं

भाव लिहू नका, माहिती लिहा. 'भुकेली नजर', 'काळजातली वेदना', 'दोन जगं' यांतलं काही नको. माणूस काय काम करतो, किती तास, मोबदला कशावर मोजतात, फोटो कुठं आणि कधी काढला. विडीचा मोबदला हजार विड्यांवर ठरतो. एक हजार वळायला त्या बाईला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसावं लागतं ते तिलाच विचारून लिहा. तो आकडा एका विशेषणापेक्षा जास्त बोलतो. श्रीमंताच्या फोटोखालीही तेच करा. बंगलेवाल्याला खलनायक करायची खाज बऱ्याच जणांना असते, मलाही होती. पण मागाचा मालक सूत महागलं म्हणून रात्री जागा असतो हेही खरं आहे, आणि ते लिहिलं म्हणून कामगाराची बाजू कमकुवत होत नाही. एक अडचण मात्र येईल: बंगल्यात शिरून फोटो काढायची परवानगी झोपडीपेक्षा कितीतरी अवघड मिळते. गरिबाचं दार उघडंच असतं म्हणून आपल्या संग्रहात त्याचेच फोटो ढीगभर साठतात. मोजून बघा. दहाला एक असं प्रमाण निघालं तर काम अर्धवट आहे.

ड्रोनबद्दल थोडक्यात: विमानतळ होटगी रोडलाच आहे. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, परवानगी लागत असेल तर घ्या. शिवाय वरून घराचा पत्रा दिसतो, माणूस दिसत नाही.

सातवं: प्रिंट नेऊन द्या

मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत मेसेजांच्या गर्दीत बुडतो. कागदावर छापून, मागे तारीख लिहून, स्वतः नेऊन द्या. महिनाभराच्या आत. 'नक्की आणून देतो' म्हणून न फिरकलेले फोटोवाले त्या गल्लीनं भरपूर पाहिलेत.

मी प्रिंट घेऊन गेलो तेव्हा मावशींनी तो फोटो पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आता मी सांगते तसा काढ." आत जाऊन काठापदराची साडी नेसून आल्या, दाराच्या पाटीशेजारी उभ्या राहिल्या. पाटीवर त्यांचंच नाव. मुलीनं पायातलं विड्यांचं सूप लगबगीनं कोपऱ्यात सरकवलं, तरी त्याची कड चौकटीत आलीच. ती कापून टाकू का, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, "राहू दे."