परड्यातलं पाणी: आधी पाचट, मग पाइप

एप्रिल-मेच्या उन्हात कोल्हापूरकडं भाजीच्या वाफ्यातून, माती आणि पानं मिळून, दिवसाला साधारण 5 ते 6 मिलिमीटर पाणी उडून जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. 10 बाय 4 फुटांचा वाफा पावणेचार चौरस मीटरचा, म्हणजे त्याची रोजची गरज वीस-बावीस लिटर, दीड बादलीभर. आता तुमच्या पाइपखाली 15 लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. ती मिनिटात भरत असेल, तर पाइप वाफ्यात सोडून चहाला गेलेल्या माणसानं दहा मिनिटांत 150 लिटर ओतलेले असतात. जादा पाणी मुळाच्या खाली उतरतं आणि जाताना खतही घेऊन जातं.

म्हणून ठिबकचा खर्च करण्याआधी माती झाका. आपल्याकडं पाचटाला, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याला, तोटा नाही; गाळप संपलं तरी बांधावर भारे पडलेले असतात. ते पेटवण्यापेक्षा एक भारा घरामागच्या परड्यात आणा. कोयत्यानं वीतभर तुकडे करा, वाफा आधी भरपूर भिजवा आणि मग तीन बोटं जाडीचा थर द्या. कोरड्या मातीवर पाचट टाकून वरून पाणी मारलं तर निम्मं पाणी पाचटच पितं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. मिरची-वांग्याची रोपं लहान असतील तर थर पातळच ठेवा. पाचट मातीत मिसळू नका. कुजताना ते जमिनीतला नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या तांबड्या जमिनीत वाळवीची भीती असते, तिथं आठवड्यातून एकदा थर उचलून बघावा. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात पाचटाआधी खुरप्यानं भेगा बुजवून घ्या, नाहीतर पाणी भेगेतून सरळ खाली.

पाचट घातल्यावर रोज पाणी देण्याची सवय मोडावी लागते, आणि हेच बऱ्याच जणांना जमत नाही. थर बाजूला करून दोन पेरं बोट मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. दुपारी दोडक्यानं, भोपळ्यानं मान टाकली म्हणून पाइप घेऊन धावू नका. ऊन उतरल्यावर पान सावरत असेल तर वेल ठीक आहे. सकाळी सातलाही पान लोंबलेलं दिसलं, तर मात्र ती खरी तहान. पाणी द्यायचं ते सकाळी लवकर, सावकाश आणि खोलवर भिजेल असं.

लिंबाला, आंब्याला खोडाशी पाणी ओतण्यात अर्थ नाही. पाणी पिणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात. तिथं गोल आळं करा आणि खोडाजवळ मातीची भर द्या. लिंबाचं खोड सतत ओलं राहिलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. पपईशेजारी किंवा वेलाच्या मुळाशी भाजलेलं पण बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरा आणि वर झाकण ठेवा. पाणी झिरपत राहतं, आणि झाकणामुळं डासही होत नाहीत.

तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी कुठल्याही झाडाला चालतं. कपड्यांचं पहिलं साबणाचं पाणी नको, त्यातल्या सोडियमनं माती घट्ट होते. शेवटच्या खळबळीचं पाणी केळीला, अळूला द्या, पण मेथी-कोथिंबिरीवर शिंपडू नका. आणि ते साठवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी क्षाराचं असतं. ते कुंड्यांना देण्यापेक्षा अंगण धुवायला वापरा.

मेमध्ये उघड्यावर नवी कोथिंबीर पेरणं म्हणजे पाणी आणि बी दोन्ही घालवणं. गवार, चवळी, भेंडी मात्र तग धरतात. लॉन पिवळं पडू द्या.

वळीव लागण्याआधी पन्हळ साफ करून खाली बॅरल लावा. 1000 चौरस फुटांच्या पत्र्यावर 20 मिलिमीटरची सर झाली तर गळती-उडती वजा जाता दीड हजार लिटर सहज मिळतात; पहिलं धुळीचं पाणी तेवढं सोडून द्या. बॅरलवर कापड बांधा. हलक्या वळवानं मात्र फसू नका, पाचटाखालची माती कोरडीच असते, बोट घालून बघा. मोठा वळीव झाला की संध्याकाळी हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. पाचटाखाली कच्चं शेण घातलं असेल तर तेही त्याआधी काढा, हुमणीला ते फार आवडतं.