आजोबांची वेताची खुर्ची पुन्हा बसण्याजोगी कशी करावी

इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरात माडीवर सागवानी खुर्च्यांची एक जोडी होती. मागचे पाय किंचित कललेले, पुढचे खाली निमुळते होत गेलेले, हात रुंद आणि सपाट, बैठक आणि पाठ वेताची. इंदूर मध्यभारत या तेव्हाच्या राज्याची उन्हाळी राजधानी होतं त्या काळात आजोबांनी त्या एका मिस्त्रीकडून करवून घेतल्या होत्या. त्यांच्या मागे जोडीतली एक खुर्ची आम्ही दुरुस्तीला दिली. परत आली तेव्हा चकचकीत होती, पण आमची राहिली नव्हती. मशीनने घासून तिच्या कडा गोल केल्या होत्या आणि उजव्या हातावर आजोबांच्या बोटांनी चाळीस वर्षांत पडलेला खळगा सपाट झाला होता. लाकूड एकदा गेलं की परत येत नाही. म्हणून दुसरी खुर्ची मी घरीच केली. तिच्यावरून जे शिकले ते इथे क्रमाने सांगते.

अशा खुर्च्या आता लोकांना पुन्हा हव्या आहेत, आणि त्याला कारण आहे. १९५० ते १९७०च्या दरम्यान आपल्याकडे जे फर्निचर झालं त्यात कोरीव काम टाकून दिलेलं होतं, आकार लाकडाच्या ताकदीतून आलेला होता, आणि वेत होता तो उकाड्यासाठी. पाठीला वारा लागावा म्हणून. चंडीगडमध्ये स्विस वास्तुकार पिअर जनरे १९५१ ते १९६५ या काळात होते. तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या हजारो खुर्च्या झाल्या. पुढे त्याच खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना गेल्या. इंदूरला ही नवी नजर त्याच्याही आधी आली होती. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुटेझिउस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला आणि आतलं सामान युरोपातल्या त्या वेळच्या सर्वांत आधुनिक कलाकारांचं आणलं. ते सामान १९८० साली मोनाकोच्या लिलावात विकलं गेलं. वास्तू आहे, तिथे सरकारी कार्यालय आहे, पण खुर्च्या गेल्या. तुमच्या माळ्यावरची खुर्ची तेवढी मोलाची नसेल. ती घरातून जाऊ नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

आधी आठवडाभर फक्त बघा

खुर्ची उलटी करा. वेताखालची चौकट, हातांची खालची बाजू, पायांचे तळवे या जागांवर पॉलिश नसतं, तिथे लाकूड खरं दिसतं. सोनेरी तपकिरी रंग, मधूनमधून काळसर रेषा, हाताला किंचित तेलकट लागणं आणि थोडंसं घासल्यावर चामड्यासारखा वास आला तर साग. आपल्या मध्य प्रदेशातल्या जंगलांचा सागच व्यापारात ‘सीपी टीक’ (सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत) म्हणून ओळखला जातो, आणि त्या काळच्या इथल्या कामात तो पुष्कळ सापडतो. शिसम याहून जड आणि गडद असतो.

मग खुर्ची काळ्या कागदावर ठेवा आणि तिला हात लावू नका. आठ दिवसांनी कागदावर पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर लाकूड पोखरणारा भुंगा अजून जिवंत आहे. भुकटी नसेल तर भोकं जुनी आहेत, त्यांची काळजी नको. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. लागते ती कडेच्या फिकट, रसाळ भागाला. जिवंत असेल तर लाकडाचं कीडनाशक इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात भरा, वरून मेणाने बंद करा, आणि पुन्हा आठ दिवस कागदावर ठेवा. हे काम गच्चीवर करा, हातमोजे घाला, घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात ठेवा.

धूळ काढा, लाकूड नको

माझ्या मते निम्म्या खुर्च्यांना इथेच थांबता येतं. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, सुती फडकं घट्ट पिळून, रेषांच्या दिशेने पुसायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. खुर्चीच्या हातांवर जो काळा चिकट थर असतो तो रंग नव्हे. घाम, तेल आणि धूळ यांचा तो थर असतो. तो टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने हळूहळू उतरतो. कापूस काळा येईल, दुसरा घ्या. मला एका हाताला दोन संध्याकाळ लागल्या आणि खाली आजोबांच्या वेळचं पॉलिश शाबूत निघालं.

ते पॉलिश कोणतं आहे हे पाहायला खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा थेंब लावा. मिनिटभरात चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काहीच झालं नाही आणि थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर नंतर कोणीतरी वरून आधुनिक कोटिंग मारलेलं आहे. ही परीक्षा चुकवू नका. लाखेच्या पॉलिशवर पुन्हा लाखेचाच हात बसतो. जुना थर स्पिरिटने किंचित विरघळतो आणि नव्यात मिसळून जातो. खरवडायचं कारणच उरत नाही.

हलणारे सांधे

खुर्ची डुगडुगते म्हणून लोक खिळा ठोकतात किंवा लोखंडी पट्टी मारतात. कृपा करून हे करू नका. खिळा लाकूड फाडतो, आणि सांधा आतून सैलच राहतो.

जुन्या खुर्चीत आडव्या लाकडाची चूल, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, पायातल्या खाचेत सरसाने बसवलेली असते. सरस कोरडा पडून भुगा झाला की सांधा हलतो. जो सांधा हलतो तोच सोडवा. जो घट्ट आहे त्याला धक्का लावू नका. सोडवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर कागदी टेप लावून खूण करा: डावा पुढचा पाय, उजवी खालची पट्टी असं. मग लाकडी हातोड्याने, मध्ये जाड फडकं धरून, हलके ठोके द्या. अडलं तर फटीत कोमट पाणी सोडा आणि अर्धा तास थांबा. सरस पाण्याने मऊ होतो.

चूल आणि खाच कोमट फडक्याने पुसून जुना भुगा काढा. कानस फिरवू नका, नाहीतर चूल बारीक होईल. फेविकॉल चालतो का? चालतो, पण जुना सरस पूर्ण निघाला असेल तरच. शिवाय पन्नास वर्षांनी पुढच्या माणसाला तो सांधा सोडवता येणार नाही. मी सरसच वापरला. तो रात्रभर थंड पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवायचा. उकळला तर त्याचा चिकटपणा जातो.

सांधा जोडल्यावर घरात शिकंजा (आवळून धरणारा क्लॅम्प) नसेल तर सुती दोरीचे दोन वेढे चौकटीभोवती घ्या, मध्ये काठी घालून पीळ द्या आणि काठी अडकवून ठेवा. दोरीखाली फडकं असू द्या. आता दोन्ही कर्ण मापा. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. ज्या खुर्च्यांची बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, त्यांचेही कर्ण सारखेच यायला हवेत. चारही पाय सपाट फरशीवर टेकतात ना तेही सरस ओला असतानाच बघून घ्या. जुन्या घरातली मोझॅकची फरशी यासाठी उत्तम. एक दिवस तसंच राहू द्या.

पॉलिशचा हात

पॉलिश वेताच्या आधी. उलट केलं तर वेतावर डाग पडतात.

१०० ग्रॅम चपडा ५०० मिलीलीटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवा, मधून हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. कापसाचा गोळा जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या तुकड्यात बांधून पोटली करा. पोटली पॉलिशमध्ये बुडवायची नाही, आतल्या कापसावर थोडं ओतायचं. रेषांच्या दिशेने लांब, न थांबता हात फिरवा. थांबलात तिथे पोटली चिकटते आणि डाग राहतो. पातळ चार-पाच हात, प्रत्येकामध्ये तास-दोन तास. पोटली अडायला लागली तर तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावा.

हे काम पावसाळ्यात करू नका. हवेत दमटपणा असला की लाखेवर पांढरट धुकं धरतं. इंदूरला दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी सर्वांत चांगले. खोलीत शेगडी, उदबत्ती, काहीही पेटतं नको. स्पिरिट लगेच पेट घेतो. जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.

वेत विणणे

आधी चौकट पाहा. कडेने भोकांची रांग असेल तर वेत हाताने विणायचा आहे. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी पाण्यात मऊ करून खाचेत बसवतात आणि वरून वेताचीच गोट ठोकतात. ते काम दुपारभराचं. पुढचं सगळं भोकांच्या खुर्चीसाठी आहे.

फाटलेला वेत कापून टाकण्याआधी त्याचा फोटो काढा आणि एक धड तुकडा जपून ठेवा, दुकानात माप दाखवायला. भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत १२-१३ मिमी असेल तर सव्वादोन मिमी रुंदीची पट्टी घ्या. १६ मिमी असेल तर अडीच ते पावणेतीन. एका बैठकीला साधारण ८० ते १०० मीटर पट्टी लागते. प्लॅस्टिकचा वेत स्वस्त आणि टिकाऊ म्हणून पुढे करतील. तो घाम शोषत नाही, उन्हाळ्यात पाठीला चिकटतो, आणि या खुर्चीचा मूळ हेतूच हरवतो.

पट्टी कोमट पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा, जास्त नको, रंग काळवंडतो. चकाकणारी बाजू नेहमी वर. भोकात पट्टी अडकवायला बांबूच्या काड्या तासून आठ-दहा खुंट्या करून ठेवा.

पहिली फेरी: चौकटीच्या मागच्या आणि पुढच्या लाकडातलं मधलं भोक शोधा. तिथून सुरू करून मागून पुढे, खालून शेजारच्या भोकात, पुन्हा पुढून मागे. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. बैठक पुढे रुंद असेल तर कडेच्या ओळी आखूड होतात. त्या बाजूच्या ज्या भोकात घातल्यावर आधीच्या ओळीला समांतर राहतील त्याच भोकात घाला. ताण फार नको, वाळल्यावर वेत स्वतःच आवळतो.

दुसरी फेरी: डावीकडून उजवीकडे, पहिलीच्या वर नुसती ठेवत. अजून विणायचं नाही.

तिसरी फेरी: पुन्हा मागून पुढे, पहिलीच्याच भोकांतून, सगळ्यांच्या वर आणि पहिल्या ओळीच्या जरा उजवीकडे.

चौथ्या फेरीत विणकाम सुरू होतं. आडवी पट्टी प्रत्येक वेळी तिसऱ्या फेरीच्या ओळीवरून आणि पहिल्या फेरीच्या ओळीखालून न्यायची. दोन-चार ओळी झाल्या की ओल्या बोटांनी जोड्या एकमेकींजवळ सरकवा. इथे हात दुखतात, पट्ट्या तुटतात, धीर सुटतो. माझ्या दोन रविवारांतला दीड रविवार याच फेरीत गेला. पण ती पुरी झाली की बैठकीवर एकदम स्वच्छ चौकोन उभे राहतात आणि ती पहिल्यांदा बैठक वाटू लागते.

पाचवी आणि सहावी तिरप्या. पाचवी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे: उभ्या जोडीवरून, आडव्या जोडीखालून. सहावी उलट दिशेने, आणि वर-खालीही उलट. तुमच्या जोड्या कोणत्या बाजूला सरकल्या आहेत त्यावर हा नियम पालटतो, म्हणून डोळ्यांपेक्षा हाताचं ऐका. पट्टी ओढल्यावर चौकोनाच्या कोपऱ्यात सुळकन सरकून बसली तर बरोबर. खरखरत अडली आणि कडा फुटायला लागल्या तर वर-खाली चुकलं आहे. तेवढी ओळ सोडा आणि उलट करा. कोपऱ्यातल्या भोकांत दोन-दोन तिरप्या येतात, ते चूक समजू नका.

खालची टोकं ओली करून शेजारच्या वेढ्याभोवती दोनदा गुंडाळून बांधा. शेवटी भोकांच्या रांगेवर रुंद पट्टी ठेवा, आणि बारीक पट्टी प्रत्येक भोकातून वर काढून, रुंद पट्टीवरून नेऊन, त्याच भोकात परत खाली घाला. भोकं झाकली जातात आणि कड बसते.

नंतर

दोन दिवस कुणालाही बसू देऊ नका. आमची आत्या दुसऱ्याच दिवशी बसायला निघाली होती, तिला हात धरून सोफ्यावर नेलं. वेत पूर्ण वाळला की बोटाने टिचकी मारल्यावर ताशासारखा आवाज येतो.

खुर्ची कूलरच्या झोताच्या समोर ठेवू नका, लाकूड आणि वेत दोन्ही सारखे फुगत-आकसत राहतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की वेत कडक होऊन तुटतो. त्या दोन महिन्यांत पंधरवड्यातून एकदा खुर्ची उलटी करून बैठकीला खालून ओलं फडकं लावा. वरची चकाकणारी बाजू पाणी पीत नाही, खालची पिते. बैठक सैल पडून खाली लोंबली असेल तरी हाच उपाय: खालून नीट ओली करा, सावलीत रात्रभर ठेवा, सकाळी ती पुन्हा ताणलेली असते.