सीजी शॉट काढताय? सेटवरच्या या चुका टाळा

"ते नंतर कॉम्प्युटरवर करू की!" सेटवर हे वाक्य कानावर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण ते 'नंतर' माझ्याच टेबलावर येऊन पडतं. बेळगाव परिसरातल्या लघुपटांचं कंपोझिटिंग, म्हणजे टिपलेल्या दृश्यात कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र (सीजी) बेमालूम मिसळण्याचं काम, मी करतो, आणि माझा निम्मा वेळ सेटवर पाच मिनिटांत सुटला असता असा गोंधळ निस्तरण्यात जातो.

हलत्या गोष्टींवर ट्रॅकिंग

निपाणीकडच्या एका शॉटमध्ये उसाच्या फडाशेजारी भलामोठा यंत्रमानव उभा करायचा होता. कॅमेरा हातात, वारा सुटलेला, फ्रेमभर नुसता ऊस. ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर चित्रातले ठिपके धरून कॅमेरा कसा फिरला ते शोधतं. त्यासाठी ते ठिपके जागचे हलता कामा नयेत. इथे पातं न् पातं डुलत होतं. शेवाळलेल्या घाटावरून पाय घसरावा तसा आमचा यंत्रमानव सरकायचा. शेवटी बांधावरचे चार दगड एकेका फ्रेममध्ये हाताने धरून काम भागवलं.

उपाय साधा आहे. काठ्यांना टेनिस बॉल लावून त्या रोवा, काही जवळ, काही लांब. सगळ्या एकाच रेषेत असतील तर खोलीचा अंदाज येत नाही. कलाकाराच्या केसांमागे मात्र खूण नको. तिथून ती पुसणं म्हणजे कोंड्यातून कणी वेचणं. गोकाकच्या धबधब्यावर उलटी अडचण येते. 52 मीटरवरून पडणारं पाणी सॉफ्टवेअरला चकवतंच, शिवाय तुषार लेन्सवर बसतात. कॅमेरा फिरला तरी तो थेंब फ्रेममध्ये जागचा हलत नाही, आणि सॉफ्टवेअर त्यालाच दगड समजतं. कातळ फ्रेममध्ये घ्या, दर टेकला लेन्स पुसा.

कॅमेऱ्याला मोकळं सोडणं

स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राचे हादरे कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय, बंद ठेवा. इलेक्ट्रॉनिक प्रकार दर फ्रेम वेगळी कापतो आणि वाकवतो, मग गणित कशाच्या जोरावर करायचं? फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्सही लॉक करा. सेकंदाला 25 फ्रेम असतील तेव्हा शटर 1/50 सेकंद ठेवला तर हालचालीचा धूसरपणा ओळखीचा येतो आणि आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या दिव्यांचा लुकलुकाटही टळतो. लेन्स किती मिलिमीटर, कॅमेरा जमिनीपासून किती उंच, किती झुकलेला, पात्रापासून किती लांब, 4के मोडमध्ये कॅमेरा सेन्सरचा कडेचा भाग वगळतो का, हे वहीत लिहा. टेप खिशात ठेवा. "अंदाजे छातीइतका" हे माप नव्हे.

उजेडाची नोंद न ठेवणं

हा माझा सगळ्यात मोठा राग. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात दहा मिनिटांत ऊन जातं, ढग येतात, परत ऊन. ओके झालेल्या टेकनंतर लगेच चकचकीत गोळा आणि राखाडी मॅट गोळा फ्रेममध्ये धरा. चकचकीत गोळ्यात सूर्य आणि आभाळ कुठे आहे ते दिसतं. राखाडीवर सावली किती गडद, किती मऊ ते कळतं. गोळा कॅमेऱ्याजवळ नको, सीजी वस्तू जिथे उभी राहणार तिथेच हवा. तांबड्या मातीचा उजेड वस्तूच्या पोटाखाली लालसर पडतो, आणि तो नसला की प्रेक्षकाला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं वाटतं. चकचकीत गोळ्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे पाच-सात फोटो घ्या. तो नसेल तर घरातली घासलेली पळी उलटी धरा. मापन होणार नाही, पण सूर्याची दिशा तरी कळेल.

हिरव्या पडद्यासमोर हिरवा चुडा

लग्नाच्या दृश्यात हे हमखास घडतं. कॉम्प्युटर हिरवा रंग काढून तिथे दुसरं दृश्य बसवतो, म्हणून पडदा गेला की बांगड्याही जातात आणि मनगटातून मागचा वाडा दिसू लागतो. तिथे निळा पडदा लावा. सुरकुत्या काढा, कलाकार आठ-दहा फूट पुढे उभा करा.

रिकामी फ्रेम विसरणं

कलाकार, काठ्या, गोळे सगळं बाजूला करून त्याच कॅमेऱ्याने, त्याच उजेडात दहा सेकंद रिकामी जागा टिपा. खुणा पुसायला तीच लागते. पॅकअपच्या घाईत नेमकी हीच राहते, कारण तोवर निम्मी टीम चहाच्या टपरीवर पोचलेली असते.