नोटीस लावली, पण वाचली कोणी? समान संधीच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

ग्रामपंचायत असो, अंगणवाडी असो की अनुदानित शाळा, पैसा सरकारचा तं संधी सगळ्यांना सारखी पाहिजे, याला कोणी नाही म्हणत नाही. गडबड होते ती नोटीस कुठं लावली अन् मीटिंग किती वाजता ठेवली यात.

मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत मेंबर होतो. गावात अंगणवाडी मदतनिसाची जागा निघाली, आम्ही नोटीस ऑफिसच्या आतल्या बोर्डावर लावली, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, झालं काम. ग्रुपवर नंबर सगळे नवऱ्यांचे! कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, तं रेंजच नाही. अर्ज आले दोन, दोन्ही मेन रोडवरच्या घरचे, अन् आम्हीच म्हणतो की बाकीच्या बायांना इंटरेस्ट नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं, खोटं काहून बोलू. आता कोणी विचारलं तं सांगतो, नोटीस कंट्रोलच्या म्हणजे रेशनच्या दुकानात लावा, चक्कीवर लावा, पोडावर, तांड्यावर, पारध्यांच्या बेड्यावर जाऊन लावा, दवंडी द्या अन् लावल्याचा फोटो तारखेसहित फाईलला जोडा. दुसरं म्हणजे मुदत. आठ दिवस देता, त्यात शनिवार-रविवार गेले, दाखल्यासाठी तहसीलला दोन-तीन चकरा म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली, मंग ज्याच्या घरी कागद आधीच तयार तोच पोचते. जागा निघणार हे माहीत असते ना, तं कागदांची लिस्ट महिनाभर आधीच सांगून ठेवा.

ग्रामसभेचं तसंच. 15 ऑगस्टला बाया निंदणाला, 2 ऑक्टोबरच्या टायमाले सोयाबीन सोंगायला, अन् सभा सकाळी अकराला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे, पण बऱ्याच जागी रजिस्टर घरोघरी फिरते अन् सह्या होतात. संध्याकाळी ठेवून पहा. अन् सरपंच ताईच्या खुर्चीवर भाऊजी बसले असतील तं बायांच्या 50 टक्के आरक्षणाचा काय उपयोग, हे मी सांगायची गरज नाही.

दहा किंवा जास्त कर्मचारी असले तं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते, कायदा 2013 चा आहे. अध्यक्ष बाईच, निम्म्या मेंबर बाया, एक मेंबर बाहेरची. ही बाहेरची मेंबर सचिवाची वहिनी नको, बस. दहापेक्षा कमी असले तं तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते, हे शिपाई ताईलाही माहीत पाहिजे.

दिव्यांगांसाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के राखून ठेवायचे असतात. ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काहीतरी वाटून संपवू नका, ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी विचारा. रॅम्प बांधता तं टेप घेऊन जा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. मी एका शाळेत पाहिला, दीड फूट उंची अन् लांबी जेमतेम पाच फूट. व्हीलचेअर काही चढत नाही, सरांच्या मोटरसायकली मात्र मस्त चढतात.