जुना संगणक, नवा संगणक आणि सामाईक प्रिंटर : या चुका टाळा

बेळगावच्या खडेबाजारातील घाऊक दुकान असो, निपाणीतील तंबाखूची पेढी असो, खानापूरकडील एखादी पतसंस्था असो की उद्यमबागेतील फाउंड्रीचे कार्यालय असो, एका टेबलावर विंडोज ११ चा नवा संगणक आणि कोपऱ्यात विंडोज ७ चा, क्वचित एक्सपीचाही, जुना संगणक हे चित्र सगळीकडे सारखेच असते. तो जुना संगणक कोणी हौसेने ठेवलेला नसतो. हिशेबाचा डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या प्रणालीतला) जुना प्रोग्राम ६४-बिट, म्हणजे आजच्या धाटणीच्या, विंडोजवर चालत नाही, विंडोज ११ ची ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीची, आवृत्ती निघालेलीच नाही, आणि वीस वर्षांची खाती नव्या प्रोग्राममध्ये चढवण्याची कोणाचीच तयारी नसते. मग दोन्ही संगणक एका राउटरला जोडून फाइली आणि प्रिंटर सामाईक करण्याचा घाट घातला जातो, आणि बहुतेक घोटाळे तेथूनच सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जोडणी झाली नाही की लगेच नव्या संगणकावर ‘एसएमबी १’ सुरू करणे. एसएमबी ही विंडोजच्या संगणकांनी आपापसांत फाइली आणि छपाईची देवाणघेवाण करण्याची बोली आहे. आपल्याकडचा दुकानदार जसा गिऱ्हाईक पाहून मराठीवरून कन्नडवर जातो, तसे दोन संगणक भेटले की दोघांनाही येणारी सर्वांत नवी बोली निवडतात. एक्सपीला फक्त पहिली आवृत्ती येते. विंडोज ७ ला मात्र २.१ येते, आणि ती विंडोज १० व ११ यांनाही कळते. म्हणजे समोरचा संगणक विंडोज ७ चा असेल तर एसएमबी १ ची मुळीच गरज नाही. अडचण पासवर्डात, फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या पहाऱ्यात) किंवा पत्त्यात असते, आणि आपण भलतेच दार उघडून बसतो. हे दार किती धोक्याचे आहे ते मे २०१७ मध्ये दिसले. त्या वेळी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम याच जुन्या बोलीतील एका दोषाचा फायदा घेऊन, कोणी काहीही न दाबता, एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये काढली होती, पण ती बसवलेली नव्हती अशी यंत्रे त्याच्या तावडीत सापडली.

समोर खरोखरच एक्सपी असेल आणि तो बदलणे शक्य नसेल, तरी ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ या यादीतील एसएमबी १ च्या सगळ्या चौकटींवर खुणा करू नयेत. तेथे क्लायंट (मागणारा), सर्व्हर (देणारा) आणि ऑटोमॅटिक रिमूव्हल (आपोआप काढणे) असे तीन पोटभाग असतात. केवळ क्लायंट सुरू केला तर नवा संगणक एक्सपीवरील फाइल आणू शकतो, मात्र एक्सपीला किंवा त्याच्यात शिरलेल्या एखाद्या व्हायरसला त्याच बोलीतून नव्या संगणकात येता येत नाही. सामाईक फोल्डर एक्सपीवर ठेवावा, ने-आण नव्या संगणकावरून करावी, आणि एक्सपीला इंटरनेट मुळीच देऊ नये.

तिसरा पोटभाग फसवा आहे. एसएमबी १ वापरात नाही असे दिसले तर संगणक चालू असलेले १५ दिवस मोजून विंडोज ते आपोआप काढून टाकते. एका कार्यालयात मी जोडणी करून दिली, दिवाळीची सुट्टी संपली, काही दिवसांनी ‘परवापर्यंत चालत होते’ अशी तक्रार आली, आणि मी अर्धा दिवस केबल तपासत बसलो. ऑटोमॅटिक रिमूव्हलवरची खूण काढायची राहिली होती, एवढेच.

दुसरी मोठी चूक पासवर्डाची आहे. एक्सपीच्या काळात पासवर्डाविना, पाहुण्याच्या खात्यावर, सगळे चालत असे, त्यामुळे आजही अनेक कार्यालयांत खात्याला पासवर्डच नसतो. विंडोजच्या मूळ मांडणीत रिकाम्या पासवर्डाचे खाते त्याच संगणकासमोर बसून उघडता येते, नेटवर्कवरून नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारात प्रत्येक जोडणीवर डिजिटल स्वाक्षरी अपेक्षित असते आणि पाहुण्याच्या खात्याला अशी स्वाक्षरी करता येत नाही, म्हणून अद्ययावत केल्याच्या दुसऱ्याच दिवशी जुने फोल्डर उघडेनासे होतात. यावर सुरक्षा उतरवण्यापेक्षा ज्या संगणकावर फोल्डर आहे तेथे सामाईक कामासाठी एक वेगळे साधे खाते उघडून त्याला पासवर्ड द्यावा. खात्याचे आणि फोल्डरचे नाव रोमन लिपीत ठेवावे, कारण जुन्या संगणकावर देवनागरी किंवा कन्नड टंकलेखन बसवलेले असेलच याची खात्री नसते. आणखी एक गोष्ट विसरली जाते. नव्या संगणकात शिरताना आपण जो चार-सहा अंकी पिन टाकतो तो त्या संगणकापुरताच असतो. नेटवर्कवर तो टाकून कितीही वेळा प्रयत्न केला तरी दार उघडत नाही, तेथे खात्याचा मूळ पासवर्डच लागतो.

‘नेटवर्क’च्या खिडकीत दुसरा संगणक दिसत नाही म्हणून जोडणीच नाही, असे समजणेही चुकीचे आहे. ती यादी पूर्वी एसएमबी १ च्या आधाराने तयार होत असे. नवे संगणक आपली ओळख ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ या सेवेमार्फत देतात, आणि ती सेवा बंद असली की यादी रिकामी राहते. त्याच खिडकीच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन संगणकाचे नाव किंवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकावा. फोल्डर उघडला तर यादीची चिंता सोडून द्यावी. वर्कग्रुपचे (संगणकांच्या गटाचे) नाव वेगळे असल्यानेही जोडणी अडत नाही, आणि होमग्रुप ही सामाईक वापराची जुनी सोय तर विंडोज १० मधून २०१८ मध्येच काढून टाकली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तिकेत ती वाचून शोधत बसू नये. नेटवर्कचा प्रकार मात्र ‘पब्लिक’ राहिला असेल तर तो ‘प्रायव्हेट’ करावा, नाहीतर फायरवॉल सामाईक वापर अडवते.

पत्त्यावरून जोडणी केली की वीज गेली-आली हा आपल्या भागातला नेहमीचा पाहुणा आड येतो. राउटर पुन्हा सुरू झाला की पत्ते नव्याने वाटले जातात आणि कालचा प्रिंटर आज दुसऱ्याच क्रमांकावर बसलेला असतो. प्रिंटरला आणि फोल्डर असलेल्या संगणकाला राउटरमध्येच पत्ता राखून ठेवावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे आणि आधी केबल पाहावी.

प्रिंटरचे दुखणे २०२१ नंतर वाढले, आणि त्याला कारण आहे. त्या वर्षी छपाईच्या सेवेत गंभीर दोष सापडले. त्यानंतर ऑगस्टपासून नेटवर्कवरून ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्राम) बसवण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागू लागला, आणि सप्टेंबरच्या दुरुस्तीने प्रिंटर देणारा संगणक समोरच्याकडून अधिक सुरक्षित जोडणी मागू लागला. विंडोज ७ च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० लाच थांबल्या होत्या, त्यामुळे त्याला ती मागणी पुरी करता येत नाही आणि पडद्यावर शेवटी ‘११बी’ असलेला क्रमांक येतो. येथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदवहीत) बदल करून ती मागणीच बंद करण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो चालतो, पण सगळ्या नेटवर्कचे संरक्षण एका जुन्या संगणकासाठी कमी होते. त्याऐवजी जुन्या संगणकावर तो प्रिंटर ‘लोकल’ म्हणून जोडावा, नवे लोकल पोर्ट तयार करून त्याच्या नावात नव्या संगणकाचा आणि प्रिंटरचा पूर्ण पत्ता द्यावा, आणि ड्रायव्हर तेथेच स्वतंत्र बसवावा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. ३२-बिट आणि ६४-बिट ड्रायव्हर वेगळे असतात, त्यामुळे असा स्वतंत्र ड्रायव्हर बसवणे तसेही सोयीचे पडते.

याहून बरा मार्ग म्हणजे नेटवर्कचे पोर्ट असलेला प्रिंटर घेऊन तो सरळ राउटरला जोडणे. प्रत्येक संगणक त्याच्याशी टीसीपी-आयपी पोर्टावरून थेट बोलतो, कोणी कोणाला प्रिंटर ‘देत’ नाही, एसएमबीचा प्रश्नच उरत नाही आणि एक्सपीसुद्धा, ड्रायव्हर मिळाला तर, निमूटपणे छापतो. प्रिंटर देणारा संगणक झोपी गेला म्हणून पावती अडली, हेही त्यात होत नाही. नवा प्रिंटर घेणार असाल तर चार पैसे जास्त मोजून हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉसच्या हिशेबाला मात्र डॉट मॅट्रिक्सच लागतो. त्याचे कारण असे, की तो प्रोग्राम एलपीटी १ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टाकडे साधी अक्षरे पाठवतो, आणि अनेक स्वस्त लेझर प्रिंटरना विंडोजच्या ड्रायव्हरने तयार करून दिलेले पानच समजते. साधी अक्षरे आली की दिवा लुकलुकतो आणि कागद कोरा राहतो. म्हणून डॉट मॅट्रिक्स जुन्याच संगणकाच्या पोर्टाला जोडलेला ठेवावा. ३२-बिट विंडोज ७ वर तो प्रोग्राम असेल आणि डॉट मॅट्रिक्स दुसरीकडे जोडलेला असेल, तर ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी १ त्या सामाईक प्रिंटरकडे वळवता येतो.

फाइल पोहोचली पण वाचता येत नाही, ही तक्रार आपल्या दोन भाषांच्या भागात फार येते. श्रीलिपीत टाइप केलेले मराठी पत्र किंवा नुडीतील कन्नड अर्ज त्याच फॉण्टशिवाय रोमन चिन्हांच्या कचऱ्यासारखा दिसतो. यात नेटवर्कचा काही दोष नाही. उलट नव्या संगणकावर युनिकोडमध्ये (सगळ्या भाषांच्या सामाईक अक्षरसंकेतात) केलेला मजकूर एक्सपीवर चौकोनांत दिसला, तर तेथील रिजनल सेटिंगमध्ये जटिल लिप्यांचा पर्याय बसवावा, कारण देवनागरीचा मंगल आणि कन्नडचा तुंगा हे फॉण्ट असूनही त्याशिवाय अक्षरे नीट जुळत नाहीत. नव्या विंडोजमध्ये हेच दोन फॉण्ट ऐच्छिक यादीतून वेगळे उतरवावे लागतात. पत्र केवळ छापायचेच असेल तर ज्या संगणकावर ते तयार झाले तेथेच त्याची पीडीएफ करावी आणि सामाईक फोल्डरमध्ये तीच ठेवावी.