डॉक्सी चालू असताना कॅल्शियम, लोह, दूध-दही कधी घ्यायचं? 1-0-1 चा घोळ

आमच्याकडं बेळगावात गोळी हातात घेतली की पहिला प्रश्न एकच, "गरम पडंल काय हो?" आणि गरम पडणार म्हटलं की वरनं कपभर दूध ठरलेलं. मी शहापुरात मेडिकलच्या काउंटरला चौदा वर्षं उभा आहे (डी.फार्म. आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो), रोज लोकांना सांगतोय की मावशी ही गोळी दुधातनं नको, आणि तरी खुद्द आमच्या मामीनं माझ्याच मामेबहिणीला तीन आठवडे डॉक्सीसायक्लिन (म्हणजेच डॉक्सी, ही अँटिबायोटिक गोळी आहे) हळदीच्या दुधाबरोबर घातली. कळलं तेव्हा कपाळाला हात लावला. म्हणून हे लिहायला बसलोय.

ही मामेबहीण म्हणजे आमची ताई, अमेरिकेत कनेक्टिकटला असते. लाईम रोगाला ज्या गावाचं नाव पडलं ते ओल्ड लाईम त्याच राज्यात, 1975 च्या सुमारास तिथल्या पोरांचे सांधे सुजायला लागले तेव्हा हे प्रकरण उजेडात आलं, आणि गोचिडीतला जंतू विली बर्गडॉर्फर यांना सापडला म्हणून त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. ताईचा गुडघा असाच फुगला, 28 दिवस डॉक्सी झाली, सूज उतरली पण थकवा आणि अंगदुखी काय जाईना, मग तिथल्या एका डॉक्टरनं क्रॉनिक लाईम म्हणून परत लांबचा कोर्स लावला आणि तिनं स्वतःच्या मनानं वाचून वाचून सप्लिमेंटच्या अकरा डब्या जमवल्या. त्या सगळ्या घेऊन सुट्टीला इथं बेळगावात, टिळकवाडीत मामीकडं.

क्रॉनिक लाईमबद्दल माझं मत सरळ सांगतो. उपचार झाल्यावरही काहींना महिनोन्महिने त्रास राहतो हे खरं आहे, पेशंट नाटक करत नसतो. पण त्यावर अँटिबायोटिक लांबवत न्यायचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, 2016 साली नेदरलँड्सच्या मोठ्या अभ्यासात 12 आठवडे जादा गोळ्या देऊनसुद्धा नुसत्या खोट्या (आत औषध नसलेल्या) गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा पेशंट जास्त बरे झाले नाहीत. तेव्हा कोर्स किती दिवस आणि कशासाठी, हे डॉक्टरला तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. आणि कोर्स चालू आहेच तर निदान ती गोळी पोटात जाऊन वाया तरी जाऊ नये.

आणि "आम्हाला कुठं लाईम होतंय" म्हणून हे सोडून देऊ नका. आपल्या भागात लाईम क्वचित, पण डॉक्सी घरोघरी. खानापूर, चिकोडी, निपाणीकडं गाई-म्हशी असणाऱ्यांना ब्रुसेल्लोसिस होतो त्यात सहा आठवडे डॉक्सी आणि जोडीला रिफाम्पिसिन असतंय, स्क्रब टायफसला डॉक्सी, लेप्टोला डॉक्सी. नियम तेच.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टरच्या चिठ्ठीवर डॉक्सीपुढं 1-0-1 असतं (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक), कॅल्शियमपुढं पण 1-0-1, लोहाच्या कॅप्सूलपुढं पण तेच. म्हणजे दिवसात किती वेळा ते कळलं, पण कुणाबरोबर कुणी बसायचं नाही ते त्यात कुठंच नाही, मग माणूस काय करतोय, सकाळच्या तिन्ही तळहातावर घेतो आणि एका घोटात खल्लास. पोटात गेल्यावर डॉक्सी आणि कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक, ॲल्युमिनियम यातलं कुणीही भेटलं की ते एकमेकाला घट्ट धरून बसतात, ती जोडी आतड्यातनं रक्तात जात नाही, तशीच खाली उतरून बाहेर पडते. गोळी घेतल्याचं समाधान, रक्तात औषध कमी. दुधानं डॉक्सीचं नुकसान साधारण पाचवा हिस्सा होतंय, जुन्या टेट्रासायक्लिनचं याहून बरंच जास्त व्हायचं, पण कॅल्शियमची किंवा लोहाची अख्खी गोळी म्हणजे दुधाच्या पुढचं काम.

सगळ्या अँटिबायोटिकला हे लागू नाही बरं का, त्यामुळं पहिलं काम म्हणजे पत्ता उलटा करून आतलं नाव वाचायचं. डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन यांना लागू. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांना तर जोरात लागू, सिप्रो कॅल्शियम-लोहाच्या 2 तास आधी नाहीतर 6 तास नंतर. अमॉक्सिसिलिनला दुधाचं काही पडलेलं नाही. सेफ्युरॉक्सिम उलट खाल्ल्यावरच घ्यायचं, पोटात अन्न असलं की जास्त लागू पडतंय, आणि त्यावर ॲसिडिटीच्या गोळ्या सारख्या खाल्ल्या तर ते कमी शोषलं जातं. ॲझिथ्रोमायसिनला ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध 2 तास लांब ठेवायचं. ते पांढरं औषध म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच की! डॉक्सीनं पोटात जळजळलं म्हणून लोक दोन चमचे तेच घेतात, म्हणजे आधी गोळी खाल्ली आणि मागनं तिला पकडायला पोलीस पाठवले.

तर मी एका रविवारी मामीच्या डायनिंग टेबलावर त्या अकराच्या अकरा डब्या ओळीनं लावल्या, चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला आणि तीन ढीग केले.

पहिला ढीग पकडणाऱ्यांचा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन. मल्टिव्हिटॅमिन म्हटलं की लोकांना वाटतं आत नुसतीच व्हिटॅमिनं, पण मागं बघितलं तर लोह, झिंक, कॅल्शियम सगळं बसलेलं असतंय. आपल्याकडच्या बी-कॉम्प्लेक्समध्ये पण नावामागं झेड लागलेलं असेल तर बहुतेक झिंक, नुसतं बी-कॉम्प्लेक्स असेल तर बिनधास्त. दुसरा ढीग चालणाऱ्यांचा: बी12, फॉलिक ॲसिड, व्हिटॅमिन डी. पण इथं एक मेख आहे, 60,000 ची डीची पुडी आपल्याकडं कशातनं घेतात? दुधातनं! पुडी निरुपद्रवी, दूध गोत्यात आणतंय. ती दुपारच्या जेवणावर घ्या, आठवड्यातनं एकदा सांगितली असेल तर एकदाच, रोज घेऊन आलेले पेशंट मी बघितलेत, कॅल्शियम चढून उलट्या लागतात.

तिसरा ढीग मी सरळ बाजूला काढला आणि म्हटलं हे तुझ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तोंडात नाही. त्यात कॉड लिव्हर ऑइल होतं, त्याच्यात व्हिटॅमिन ए असतंय, आणि डॉक्सी अधिक जादा ए म्हणजे डोक्याच्या आतला दाब वाढायचा धोका, डोकं ठणकायला लागलं आणि नजर धूसर झाली तर तो उन्हाचा त्रास समजून झोपून राहायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. हळदीचा अर्क मिरीच्या अर्कासकट होता, भाजीतल्या हळदीला कोण काय म्हणत नाही, पण अर्काच्या कॅप्सूलनं लिव्हरला इजा झालेली माणसं आहेत, अश्वगंधेनं पण आहेत, कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचे असे पेशंट नोंदवलेत. अँटिबायोटिक महिनोन्महिने चालू असताना लिव्हरची तपासणी तशीही करायला लागते, त्यात चार जिन्नस आणखी असले तर दोष कुणाचा हे कळणार कसं? शेवटी बायोटिन, केसांसाठी, 10,000 मायक्रोग्रॅम. रोजची गरज 30 ची. ते खाऊन थायरॉइडची रक्ततपासणी केली तर आकडे चुकीचे येऊ शकतात, लॅबवाल्याला सांगायला पाहिजे.

मग वेळापत्रक. डॉक्सी 100 मिलिग्रॅमची, दिवसातनं दोनदा, म्हणून घड्याळ त्याच्याभोवती फिरवलं, बाकी सगळ्यांनी ॲडजस्ट करायचं. सकाळी साडेसातला उप्पीट नाहीतर पोहे खाऊन डॉक्सी, मोठा ग्लास भरून साधं पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हे शेवटचं लोक हसण्यावारी नेतात पण ही गोळी अन्ननलिकेत चिकटली तर आतनं भाजतंय, पाणी गिळताना पण डोळ्यात पाणी येतं, त्यामुळं रात्री अंथरुणात बसून घोटभर पाण्यावर तर कधीच नको. अकराला लोह, लिंबू सरबतातनं. दीडला जेवण, ताक-दही त्याच वेळी, कॅल्शियमची गोळी जेवणावर. (गोळीवर कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी आत खरं कॅल्शियम 500 च असतंय, आणि एका वेळी तेवढंच पुष्कळ.) चारला प्रोबायोटिक. संध्याकाळी साडेसातला भाकरी-भाजीवर दुसरी डॉक्सी, ताटात दही नाही. साडेदहाला झोपताना मॅग्नेशियम आणि मामीचं हळदीचं दूध, घे म्हटलं आता पोटभर.

म्हणजे डॉक्सीच्या आधी आणि नंतर साधारण 2-3 तास मैदान मोकळं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गुंता वाढतो, तिला कॅल्शियम-लोहापासनं 4 तास पाहिजेत, ती पहाटे उठल्या उठल्या घेऊन टाका.

लोहाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते सगळ्यात हट्टी. डॉक्सी रक्तात गेल्यावरही पित्तातनं परत आतड्यात उतरते, आणि तिथं लोह बसलेलं असलं तर परत पकडली जाते, त्यामुळं अंतर ठेवूनसुद्धा थोडं नुकसान होतंच. छोटा कोर्स असेल तर डॉक्टर बऱ्याचदा लोह तेवढे दिवस थांबवा म्हणतात. ताईचं हिमोग्लोबिन चांगलं होतं, डॉक्टरला फोनवर विचारलं, लोह बंदच झालं. पण गरोदर बाई किंवा रक्त अगदी कमी असलेलं माणूस यांनी परस्पर बंद करायचं नाही, आणि गरोदरपणात तर डॉक्सीच सहसा देत नाहीत, दिवस गेलेत असं नुसतं वाटलं तरी आधी सांगायचं.

वैद्यांचं औषध सप्लिमेंटमध्ये धरतच नाहीत लोक. "ते काय औषध नव्हे हो, आयुर्वेदिक आहे." अहो शंखभस्म, प्रवाळ म्हणजे कॅल्शियम, मंडूर आणि लोहभस्म म्हणजे लोह, हिशेब तोच. आसव-अरिष्टांत तर आंबवताना आपोआप अल्कोहोल तयार होतंय, आणि लाईमवाल्यांना काही डॉक्टर टिनिडाझोल देतात, आपल्याकडं जुलाबाला मेट्रोनिडाझोल, त्यांच्याबरोबर अल्कोहोल नको असं कंपनीच लिहून देते. लोहासव घेत असाल तर लोह पण आणि आसव पण, एका बाटलीत दोन भांडणं.

खाण्यातलं पण बघायला पाहिजे. नाचणीची आंबील तब्येतीला उत्तम, पण 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, ग्लासभर दुधापेक्षा जास्त. गोळीबरोबर नको, दुपारी प्या. तिळाची चटणी दणकून खात असाल तर तीच गोष्ट.

पोट बिघडणं हा लांबच्या कोर्सचा ठरलेला त्रास. प्रोबायोटिकमध्ये साध्या जिवाणूंची कॅप्सूल असेल तर अँटिबायोटिकपासनं 2 तास लांब, नाहीतर ती आतच मरते. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, अँटिबायोटिकनं मरत नाही, पण ज्यांच्या मोठ्या शिरेत औषधासाठी नळी घातलेली आहे किंवा प्रतिकारशक्ती फार कमी आहे त्यांनी ते घ्यायचं नाही, यीस्ट रक्तात उतरू शकतंय. लाईमला शिरेतनं सेफ्ट्रिॲक्झोन देताना अशी नळी असते, म्हणून मुद्दाम सांगितलं. आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब, ताप, पोटात कळ किंवा रक्त दिसलं तर जुलाब थांबवायची गोळी काउंटरवरनं मागू नका, मी देणार पण नाही, डॉक्टरकडं जा. कोर्स संपून महिना झाला असला तरी जा आणि अँटिबायोटिक घेतल्याचं आठवणीनं सांगा.

रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर अँटिबायोटिक सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) लवकर तपासायचा, मधल्या काळात फिश ऑइल किंवा नवीन काही घालायचं नाही. बाकी डॉक्सीनं ऊन बाधतं, एप्रिल-मेमध्ये हात झाका, टोपी घाला.

चुकून दूध आणि गोळी एकत्र झाली तर घाबरून लगेच दुसरी गोळी घ्यायची नाही. पुढची तिच्या वेळेला.

हे सगळं मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवलं, मामीनं दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग चहातलं दूध?" म्हटलं दोन चमच्यांनं आभाळ कोसळत नाही, तरी गोळीनंतर दोन तासांनी द्या. मामी गप्प बसल्या, मग आतनं ताटलीत दुधाचा कुंदा घेऊन आल्या, घड्याळात बघितलं, पावणेआठ. ताटली तशीच परत आत गेली, "दीडला देते गो तुला उद्या, जेवणावर."