कीटकनाशकातली ‘बाकी’ घरात किती जाते, ते कसं काढावं

घरातली सगळी कीटकनाशकं एका जागी काढा: फवारा, रिफिल, कॉइल, खडू, मुंग्यांची पावडर. कुत्र्याचा गोचिडांचा शाम्पू हमखास राहून जातो, तोही घ्या.

लेबल वाचा. क्रियाशील घटक १.६ टक्के असेल, तर उरलेले ९८.४ टक्के ‘निष्क्रिय’. हा शब्दच फसवा आहे. किडे मारायचं काम ज्यांच्याकडे नाही ते निष्क्रिय, एवढाच त्याचा अर्थ. रॉकेलच्या जातीचे द्रावक, फवाऱ्यातले ब्यूटेन-प्रोपेन, सुगंध, सगळे त्यातच.

नावं हवी असतील तर उत्पादनाचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, मिळवा आणि विभाग ३ पाहा. ६४७४२-४७-८ हा सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, दिसला की पेट्रोलियम द्रावक समजा. ठरावीक प्रमाणाखालचे घटक तिथे लिहावे लागत नाहीत, त्यामुळे यादी छोटी म्हणून हुरळू नका.

आता खरी मेख: रोज हवेत जातं किती? ‘वास येत नाही, म्हणजे काही नाही’ हा सल्ला कानाआड करा. नाक थोड्याच वेळात सरावतं. वजन करा. मी पहिल्यांदा रिफिल एका रात्रीआधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दोन्ही वेळा आकडा तोच! काटा एक ग्रॅमखालचं दाखवतच नव्हता आणि मी खुशाल ‘नगण्य’ लिहून मोकळा झालो. दहा रात्रींचा फरक घ्या. समजा ८ ग्रॅम घटले. रात्रीला ८०० मिलिग्रॅम. त्यात क्रियाशील जेमतेम १३, बाकी ७८७. दहा फूट लांब, रुंद, उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. म्हणजे घनमीटरला २८ मिलिग्रॅम. खिडकी उघडी असेल तर प्रत्यक्षात कमी भरेल, पण हिशोब बंद खोलीचाच धरा. आणि हा आकडा कारखान्यातल्या मर्यादेशी ताडून निश्चिंत होऊ नका. ती मर्यादा आठ तासांच्या पाळीतल्या धडधाकट कामगारासाठी असते, पाळण्यातल्या बाळासाठी नव्हे.

फवाऱ्याचंही असंच वजन करा. फक्त त्यातलं बरंचसं फरशीवर बसतं, म्हणून रांगणाऱ्या मुलाचे हात वेगळे मोजणीत धरा.

कॉइलला ही रीत लावूच नका. भुसा जळून धूर होतो, त्यात फॉर्मल्डिहाइडसारखं लेबलवर नसलेलंही निघतं.

मुलाने रिफिल प्यायली तर उलटी करवू नका, द्रावक फुप्फुसात जातो. बाटली घेऊन थेट डॉक्टरकडे.